कागदी रुमालावरचा विश्वास

१/२८
२००८ सालच्या फेब्रुवारीतील एक रविवार संपून भारतात सोमवार लागला होता. घड्याळात १२ वाजून १७ मिनिटे. शेजारच्या एका देशाने आपल्या नागरिकांपुरते बंद केलेले एक संकेतस्थळ त्या क्षणापासून जगभरातून नाहीसे होऊ लागले. कोणी सर्व्हर फोडला नव्हता, समुद्रातील केबल तुटली नव्हती. एका राउटरने एक खोटे वाक्य उच्चारले होते आणि जगातील असंख्य राउटरांनी ते खरे मानले होते. हा आंधळा विश्वास आला कोठून, आणि त्याच्याकडे पुरावा मागण्यास इतकी वर्षे का लागली, याची ही हकिगत. #थ्रेड #इतिहास

२/२८
इंटरनेट म्हणजे एकच एक यंत्रणा, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ती हजारो स्वतंत्र जाळ्यांची आघाडी आहे. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका, सरकारी खाती. प्रत्येकाचे जाळे निराळे आणि कारभारही निराळा. अशा प्रत्येक जाळ्याला तांत्रिक परिभाषेत 'स्वायत्त प्रणाली' म्हणतात आणि तिला एक क्रमांक दिलेला असतो. आज अशा ७५,००० हून अधिक प्रणाली आहेत. त्यांच्यावर कोणी सम्राट नाही, आणि सगळ्यांचा मिळून एक अधिकृत नकाशाही कोठे ठेवलेला नाही.

३/२८
मग मुंबईतून निघालेला निरोप टोकियोला पोहोचतो कसा? दवंडीने. प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्यांना सांगते, 'हे पत्ते माझ्याकडे आहेत.' शेजारी त्या दवंडीला स्वतःचा क्रमांक जोडतो आणि पुढच्यांना सांगतो, 'त्या पत्त्यांकडे जायचे असेल तर माझ्यामार्गे या.' असे एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता ते वर्तमान काही मिनिटांत पृथ्वीला वेढा घालते. ही दवंडी ज्या भाषेत पिटली जाते तिचे नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, संक्षेपाने बीजीपी.

४/२८
या भाषेचा एक नियम ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारे रामायण त्याच्यावरच घडते. एकाच पत्त्यासाठी दोन दवंड्या ऐकू आल्या, तर जी अधिक नेमकी तिचा मान राखला जातो. समजा, एकाने म्हटले, 'सातारा जिल्ह्याची पत्रे माझ्याकडे द्या', आणि दुसऱ्याने म्हटले, 'वाई तालुक्याची पत्रे माझ्याकडे द्या'. तर वाईचे पत्र दुसऱ्याकडेच जाईल. नियम शहाणपणाचा आहे. मात्र तो दुसरा खरोखर वाईचा आहे काय, हे विचारण्याची सोय मूळ भाषेत नाही.

५/२८
ही भाषा जन्मली जानेवारी १९८९ मध्ये, अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ऑस्टिन शहरी. इंटरनेटचे तांत्रिक नियम घडवणाऱ्या अभियंत्यांची तेथे बैठक भरली होती. त्या काळी जाळ्यांना एकमेकांशी जोडणारा जो जुना नियम होता, त्याने मध्ये एक खोड आणि त्याला फुटलेल्या फांद्या, अशी झाडासारखी रचना गृहीत धरली होती. प्रत्यक्षात जाळी वाटेल तेथे एकमेकांना जोडली जाऊ लागली होती. झाडाची वेल झाली होती आणि जुना नियम तिला पुरा पडेना.

६/२८
दुपारच्या जेवणाच्या वेळी दोघे जण एका टेबलाशी बसले. एक आयबीएमचे याकोव्ह रेख्टर, दुसरे सिस्को या तेव्हाच्या तरुण कंपनीतील कर्क लॉहीड. बोलता बोलता तोडगा सुचू लागला आणि हाताशी जो कागद होता त्यावर, म्हणजे तोंड पुसण्याच्या कागदी रुमालांवर, तो उतरवला गेला. ओळखीपाळखीच्यांनी त्याला कौतुकाने 'दोन रुमालांचा प्रोटोकॉल' म्हटले. काहींच्या सांगण्यात रुमाल तीन होतात. जून १९८९ मध्ये तो ११०५ क्रमांकाचा दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाला.

७/२८
रुमालावरची कल्पना देखणी होती. प्रत्येक घोषणेसोबत तिने वाटेत गाठलेल्या सर्व जाळ्यांचे क्रमांक चालत यावेत. एखाद्या जाळ्याला त्या यादीत स्वतःचाच क्रमांक दिसला, तर समजावे की वर्तमान चक्कर मारून परत दारी आले आहे. ते टाकून द्यावे. माहिती गोल गोल फिरत राहण्याचा धोका एवढ्या एका युक्तीने टळला. घाईत सुचलेला हा तात्पुरता इलाज आजही चालू आहे. १९९४ नंतर त्याची चौथी आवृत्ती वापरात आली आणि तीच सुधारत सुधारत येथवर पोहोचली.

८/२८
त्या रुमालांवर सुरक्षेचा विचार नव्हता. वास्तविक जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, 'मॉरिस वर्म' नावाच्या प्रोग्रामने त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो संगणक ठप्प केले होते. धोक्याची घंटा वाजून गेली होती. तरी त्या दोघांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. समोरचे जाळे स्वतःच्याच वाढीच्या भाराखाली कोसळण्याची भीती होती. चोराची चिंता नंतरची. सुरक्षेचा प्रश्न त्या वेळी पटावरच नव्हता, हे रेख्टर यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे.

९/२८
आणि चोर येणार तरी कोठून? बैठकीला जमणारी माणसे एकमेकांना नावाने ओळखत होती. एखाद्या राउटरने चुकीचे सांगितले, तर त्याचा सांभाळ करणारा कोण आणि त्याचा फोन क्रमांक काय, हे ठाऊक असे. लहान गावात दाराला कडी लावत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. गाव लहान होते तोवर ती रीत शोभत होती. पुढे गावाचे महानगर झाले, आणि दारे मात्र तशीच उघडी राहिली.

१०/२८
इशारे मिळाले नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. रेडिया पर्लमन यांनी १९८८ मध्ये एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात नेमका हाच प्रश्न घेतला होता: जाळ्यातील काही राउटर खोटे बोलू लागले, तरी माहिती योग्य स्थळी पोहोचावी कशी? एप्रिल १९८९ मध्ये बेल लॅब्जच्या स्टीव्हन बेलोव्हिन यांनी इंटरनेटच्या मूळ नियमांतील दोष मांडणारा शोधनिबंध लिहिला; मार्गांच्या खोट्या माहितीने वाहतूक कशी वळवता येते, हेही त्यात होते. रोग आणि त्याचे निदान, दोन्ही एकाच वर्षातली.

११/२८
१९९५ मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारा मुख्य कणा बंद झाला आणि इंटरनेट खाजगी कंपन्यांच्या हाती गेले. आता शेजारी हा सहकारी उरला नव्हता. तो ग्राहक होता, स्पर्धक होता, कित्येकदा संपूर्ण अनोळखी होता. त्याच वर्षी बीजीपीच्या चौथ्या आवृत्तीचा सुधारित दस्तऐवज निघाला. त्यात सुरक्षेसाठी राखून ठेवलेल्या जागी एकच वाक्य आहे. त्याचा आशय असा की या दस्तऐवजात सुरक्षेची चर्चा केलेली नाही.

१२/२८
२५ एप्रिल १९९७ रोजी या मौनाची किंमत कळली. अमेरिकेतील एका लहान सेवादाता कंपनीचा राउटर बिघडला. त्या जाळ्याचा क्रमांक होता ७००७. या राउटरने इतरांकडून ऐकलेले मार्ग घेतले, त्यांचे बारीक तुकडे केले, त्यांवरील मूळ मालकांची नावे पुसली आणि 'हे सारे पत्ते माझे' अशी दवंडी पिटली. तुकडे बारीक, म्हणजे दवंडी अधिक नेमकी. आणि अधिक नेमकीचा मान मोठा. इंटरनेटच्या मोठ्या भागाची वाहतूक त्या चिमुकल्या जाळ्याकडे धावत सुटली व तेथेच गडप झाली.

१३/२८
कंपनीच्या लोकांनी राउटरची तारच उपटली. तरी खोटे थांबेना. ते एव्हाना दूरदूरच्या राउटरांच्या स्मरणात शिरले होते आणि उगम बंद पडल्यावरही एकमेकांना सांगितले जात होते. अफवेचा स्वभाव ज्यांनी इतिहासात पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटू नये. जो बोलला तो गप्प झाला. ऐकणारे बोलत राहिले. सर्व काही पूर्ववत व्हायला कित्येक तास गेले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, आणि हीच सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट होती. चूक एवढे करू शकते, तर हेतू काय करील?

१४/२८
'विश्वास तर पानिपतावरच गेला' असे मराठी माणूस कोणी शब्द मोडला की सहज म्हणतो. १९९७ नंतर तसे म्हणण्याची वेळ या क्षेत्रावर आली होती. तसे झाले नाही. काही मोठ्या कंपन्यांनी ग्राहकांकडून येणाऱ्या दवंड्या गाळून घेण्यास आरंभ केला. काहींनी केला नाही. सक्ती करणारे कोणी नव्हते. शेजाऱ्याशी होणारे संभाषण पासवर्डने राखण्याची तरतूद १९९८ मध्ये आली. तिने बोलणारा शेजारीच आहे हे कळे. तो खरे बोलतो आहे की नाही, हे कळत नसे.

१५/२८
१९ मे १९९८ रोजी अमेरिकी सिनेटच्या एका समितीपुढे सात तरुण साक्षीला बसले. 'लॉफ्ट' नावाच्या हॅकर मंडळाचे ते सभासद. खऱ्या नावांऐवजी त्यांच्यापुढे टोपणनावांच्या पाट्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितले की आपण सात जण मिळून तीस मिनिटांत इंटरनेट वापरण्याजोगे राहणार नाही, असे करू शकतो. जाळ्यांमधील या विश्वासाच्या सांध्यावरच त्यांचे बोट होते. सिनेटरांनी त्यांचे कौतुक केले, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली. उपाय करणे ज्यांच्या हाती होते, त्यांच्यावर मात्र कसलेही बंधन आले नाही.

१६/२८
उपाय तोवर आकारास येत होता. त्याचे घर ऐतिहासिक होते. १९६९ मध्ये इंटरनेटच्या पूर्वजाची, अर्पानेटची, पहिली जोडयंत्रे ज्या बीबीएन कंपनीने घडवली, तिथेच स्टीफन केंट आणि त्यांचे सहकारी चार्ल्स लिन व कॅरन सिओ यांनी 'सुरक्षित बीजीपी'चा आराखडा सिद्ध केला. तो २००० मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने पुढे आला. ज्या संस्थेने पहिला दरवाजा बसवला, तिनेच आता कुलूप आणले होते.

१७/२८
हे कुलूप समजण्यास शिवकालीन पत्र डोळ्यांपुढे आणावे. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपला तेथे मोर्तब. मुद्रा सांगे की पत्र कोणाचे. मोर्तब सांगे की मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडलेले नाही. केंट यांचा आराखडा याहून एक पाऊल पुढे जाई. पत्त्यांच्या मालकाने दवंडीवर आपला गणिती शिक्का मारावा, आणि ती ज्या ज्या हातांतून जाईल त्या प्रत्येक हातानेही आपला शिक्का उमटवावा. मग पत्र खरे की बनावट, हे शेवटच्या माणसालाही पडताळता येई.

१८/२८
आराखडा अंगी लागला नाही. प्रत्येक शिक्का तपासण्याएवढी ताकद त्या काळच्या राउटरांत नव्हती, हे एक कारण. खरे कारण माणसांच्या हिशेबात होते. जो हा खर्च करील, तो प्रामुख्याने इतरांना आपल्या चुकांपासून वाचवील. स्वतः वाचण्यासाठी त्याला इतरांनी खर्च करण्याची वाट पाहावी लागेल. गावाच्या बंधाऱ्याला पहिला दगड कोणी आणावा, असा हा पेच होता. नदीला पूर येईपर्यंत प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीकडे पाहत बसला.

१९/२८
आता त्या फेब्रुवारीच्या रात्रीकडे यावे. पाकिस्तानच्या दूरसंचार नियामकाने देशात यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला होता. पाकिस्तान टेलिकॉमने हुकमाची तामिली करताना यूट्यूबच्या पत्त्यांचा एक तुकडा आपलाच असल्याची घोषणा केली. देशातील वाहतूक तिकडे वळावी आणि तेथेच नष्ट व्हावी, हा हेतू. ती घोषणा देशाच्या सीमेत राहायला हवी होती. ती बाहेर पडली आणि हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या मोठ्या वाहक कंपनीकडे पोहोचली. त्या कंपनीने शहानिशा न करता ती जगाला ऐकवली.

२०/२८
यूट्यूबची घोषणा १,०२४ पत्त्यांच्या गटाची होती, पाकिस्तानची त्यातल्याच २५६ पत्त्यांची. जिल्हा हरला, तालुका जिंकला. भारतीय वेळेनुसार १ वाजून ३७ मिनिटांनी यूट्यूबने त्याच २५६ पत्त्यांची घोषणा केली. लढत बरोबरीची झाली. १ वाजून ४८ मिनिटांनी त्यांचेही १२८-१२८ असे दोन तुकडे करून घोषणा झाली, तेव्हा पारडे फिरू लागले. अखेर २ वाजून ३१ मिनिटांनी पीसीसीडब्ल्यूने पाकिस्तान टेलिकॉमच्या घोषणा मागे घेतल्या. खोट्याचा प्रतिकार अधिक मोठ्याने, अधिक नेमके ओरडून करावा लागला. खरे काय याचा निवाडा करणारे कोणीच नव्हते.

२१/२८
त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत ॲलेक्स पिलोसॉव्ह आणि टोनी कपेला या दोघांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. वळवलेली वाहतूक गडप करण्याची गरजच नाही. ती आपल्याकडून फिरवून मूळ मुक्कामी पोहोचती करता येते. काहीच बंद पडत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. जाता जाता सारे वाचून मात्र घेता येते. यूट्यूब बंद पडले म्हणून जग ओरडले. बंद न पडता जे वळवले जाईल, त्याची बोंब कोण मारणार?

२२/२८
चोरही अखेर आला. २४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील ओहायोच्या एका सेवादात्याच्या जाळ्यातून ॲमेझॉनच्या काही पत्त्यांवर खोटा दावा लावण्यात आला. त्या पत्त्यांवर संकेतस्थळांची नावे आणि ठिकाणे यांची सांगड घालणारी सेवा चालत असे. तिच्या नावाने खोटी उत्तरे देऊन 'मायईथरवॉलेट' या आभासी चलनाच्या ग्राहकांना बनावट स्थळी नेले गेले. पडद्यावर प्रमाणपत्राचा इशारा आला होता. काहींनी तो बाजूला सारला. सुमारे दोन तासांत अंदाजे दीड लाख डॉलरचे चलन लंपास झाले.

२३/२८
भारतही या इतिहासाबाहेर नाही. ६ नोव्हेंबर २०१५ रोजी एअरटेलच्या जाळ्याने इतरांच्या १६,००० हून अधिक पत्तागटांवर आपला हक्क जाहीर केला. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन-आयडियाच्या एका जाळ्याने असेच ३०,००० हून अधिक पत्तागट आपले म्हणून सांगितले. ज्यांचा भारताशी कसलाही संबंध नाही, अशा जाळ्यांची वाहतूक इकडे लोटली. या साऱ्या हकिगतीत शेजारच्या देशाला हसणे सोपे आहे. पण चुकीला सरहद्द नसते.

२४/२८
या साऱ्यातून जो उपाय टिकला तो केंट यांच्या आराखड्याचा अर्धा भाग होय. त्याचे नाव आरपीकेआय; पायाभूत दस्तऐवज फेब्रुवारी २०१२ चा. त्याला पत्त्यांचा सातबारा म्हणता येईल. जगात पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक नोंदणी संस्था आहेत. आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक. तिच्याखाली भारतासाठी आयआरआयएनएन. पत्त्यांचा धारक आपल्या संस्थेकडे शिक्क्यानिशी नोंद करतो की 'माझ्या या पत्त्यांची दवंडी केवळ अमुक क्रमांकाच्या जाळ्याने पिटावी, आणि तिचे तुकडे अमुक आकाराहून बारीक नसावेत.' दवंडी ऐकणारा ती नोंद पाहतो. न जुळल्यास दवंडी टाकून देतो.

२५/२८
नोंदीचा उपयोग काय, याचे उत्तर दोन घटनांनी दिले. ५ फेब्रुवारी २०२१: लष्करी उठावानंतर म्यानमारमध्ये ट्विटर बंद करताना तेथील एका जाळ्याने ट्विटरच्या पत्त्यांवर दावा केला आणि तो दावा देशाबाहेर पसरला. त्या पत्त्यांची नोंद तेव्हा नव्हती. २८ मार्च २०२२: युक्रेन युद्धाच्या काळात रशियातील एका जाळ्याने नेमक्या त्याच पत्त्यांवर दावा केला. मधल्या काळात ट्विटरने नोंद करून ठेवली होती. मोठ्या वाहकांनी ती पाहून दवंडी नाकारली, आणि खोटे फार दूर गेले नाही. २००८ च्या रात्री जे नव्हते, ते आता होते.

२६/२८
पण सातबाराच कोणी बदलला तर? ३ जानेवारी २०२४ रोजी ऑरेंज या कंपनीच्या स्पेनमधील जाळ्याचे, युरोपच्या नोंदणी संस्थेतील खाते एका घुसखोराच्या हाती लागले. पासवर्ड दुबळा होता: संस्थेचे नाव आणि त्यापुढे 'ॲडमिन'. घुसखोराने नोंदीत भलताच मालक लिहिला. आता खरी दवंडी खोटी ठरू लागली, आणि ज्या जाळ्यांनी प्रामाणिकपणे नोंदी तपासल्या त्यांनीच ती नाकारली. कंपनीची सुमारे निम्मी वाहतूक काही तास थंडावली. त्यानंतर नोंदणी संस्थेने खात्यांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली.

२७/२८
आणि काम अजून अर्धेच झाले आहे. आरपीकेआय पत्राच्या माथ्यावरची मुद्रा तपासते. पत्र कोणकोणत्या हातांतून आले, हे ती सांगत नाही. खऱ्या मालकाचे नाव पुढे करून स्वतःला मध्ये घुसवणारा लबाड तिला ओळखता येत नाही. प्रत्येक हाताचा शिक्का मागणारा बीजीपीसेक हा नियम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो जवळजवळ कोणी वापरत नाही. पहिल्या दगडाचा पेच तेथे अजून सुटलेला नाही. नोंदींच्या बाबतीत मात्र बंधारा उभा राहतो आहे. मे २०२४ मध्ये जगातील जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे निम्म्याहून अधिक मार्ग नोंदीखाली आले. प्रारंभीच्या प्रस्तावापासून येथवर यायला चोवीस वर्षे लागली.

२८/२८
इतिहासात विश्वासाचे दोन काळ दिसतात. एक, जेव्हा शब्द पुरेसा असतो. दुसरा, जेव्हा शब्दाला शिक्का लागतो. दुसरा काळ आला म्हणून पहिल्यातील माणसे भोळी ठरत नाहीत. ऑस्टिनच्या त्या टेबलाशी शिक्क्यांचा घोळ घातला असता, तर कदाचित इंटरनेट उभेच राहिले नसते. मात्र शिक्का आला म्हणून विश्वास संपत नाही; तो राउटरकडून नोंदवहीकडे आणि नोंदवहीकडून ती राखणाऱ्या माणसाकडे सरकतो, आणि त्या माणसाने पासवर्ड नीट निवडावा लागतो. आज रात्रीही कोठेतरी कोणी अभियंता एक घोषणा टंकून पाठवील. तिच्यामागे नोंद असेल काय, आणि ऐकणारा ती पाहील काय, एवढ्यावरच पुढची सकाळ ठरेल. #इतिहास #मराठी